जीपीएसच्या वेगातल्या चुका कशा गाळायच्या? सेलिंग-विंडसर्फिंगवाल्यांसाठी तुलना

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. दोन सेकंदांचा सर्वाधिक वेग मिरवायचा असेल, तर डॉपलरचा (उपग्रहाच्या लहरीची कंप्रता किती सरकली त्यावरून काढलेला) वेग आणि त्यासोबतचा त्रुटी-अंदाज (हा वेग किती चुकलेला असू शकतो याचा यंत्राचाच अंदाज), दोन्ही नोंदवणारा लॉगर, म्हणजे जीपीएसच्या नोंदी ठेवणारं छोटं यंत्र, घ्या आणि त्या अंदाजावरूनच बिंदू गाळा. 500 मीटरच्या किंवा नॉटिकल मैलाच्या सरासरीवर भागत असेल, तर हातातलं घड्याळ चालेल. सरकती सरासरी (प्रत्येक बिंदूच्या जागी आजूबाजूच्या बिंदूंची सरासरी) लावून आलेख गुळगुळीत करायच्या फंदात मात्र कुणीच पडू नये.

इंदूरला समुद्र नाही, पण भोपाळचा बडा तालाब सुट्टीच्या दिवशी जाऊन येण्यासारखा आहे. आमच्या रामबागेतली काही पोरं तिथे शिडाची नाव शिकली आणि आता विंडसर्फिंगच्या नादी लागली आहेत. परतल्यावर विषय एकच, कुणाचे किती नॉट. (1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.) भाचा घड्याळ नाचवत आला, "मामा, 44!" फाइल उघडली तर तो 44 नेमका त्याच्या पडण्याच्या क्षणाचा निघाला.

वेग काढायच्या वाटा दोन. पहिली सरळ: दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले वेळ. दुसरी डॉपलरची. उपग्रहाची एल-1 लहर 1575.42 मेगाहर्ट्झची, म्हणजे तिची लांबी साधारण 19 सेंटीमीटर. उपग्रहाच्या रेषेत तुमचा वेग सेकंदाला 1 मीटरने बदलला की कंप्रता सुमारे सव्वापाच हर्ट्झने सरकते, आणि हे सरकणं रिसीव्हर फार बारकाईने मोजतो. ठिकाण मीटर-दोन मीटर चुकलेलं असतानाही डॉपलरचा वेग चांगला येतो, तो यामुळेच.

ठिकाणांवरून वेग काढणाऱ्याला वाटतं, नोंदी जास्त तर अचूकता जास्त. इथे उलटं होतं. सेकंदाला एक नोंद असताना ठिकाण 1 मीटरने उडालं, तर वेग ताशी 3.6 किलोमीटरने चुकतो. सेकंदाला दहा नोंदी असतील, तर तेवढीच चूक व्हायला ठिकाण 10 सेंटीमीटर हललं तरी पुरे. म्हणून 10 हर्ट्झचा लॉगर घेऊन त्यात ठिकाणांवरून वेग काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पण ठिकाणं अगदीच टाकाऊ नाहीत. 30 नॉटने दोन सेकंदांत तुम्ही सुमारे 31 मीटर जाता. त्यात 3 मीटरचा घोळ म्हणजे जवळपास दहा टक्के. तोच घोळ 500 मीटरमध्ये एक टक्क्याच्याही आत राहतो. वेगाच्या विक्रमांचं जुनं माप 500 मीटरचं आहे. 2012 मध्ये नामिबियातल्या वॉल्विस बेला पॉल लार्सन यांनी 'व्हेस्टास सेलरॉकेट 2' वर 65.45 नॉट काढले, तीही 500 मीटरची सरासरी. आणि अल्फा 500 या प्रकारात तर ठिकाण लागतंच. 500 मीटरच्या आत वळून यायचं आणि सुरुवातीच्या बिंदूपासून 50 मीटरच्या आत पोचायचं, हे नुसत्या वेगावरून कळणार कसं?

आता गाळण्याच्या रीती. भाच्याच्या फाइलमधला तुकडा साधारण असा होता: 31.2, 31.6, 31.4, 44.0, 9.8 नॉट. पडताना अँटेना पाण्याखाली गेला, उपग्रह हरवले, चिपने काही क्षण अंदाजाने रेटलं आणि मग आकडा उडाला.

पाच बिंदूंची सरकती सरासरी इथे काय करते? 44 मधले जादा साडेबारा नॉट पाच जागी वाटून टाकते. खोटा बिंदू जात नाही, शेजारचे खरे बिंदूही अडीच नॉटने फुगतात. वर आलेख देखणा दिसतो, म्हणून संशयही येत नाही. माझा राग आहे तो याच्यावर. मीडियन, म्हणजे बिंदू चढत्या क्रमाने लावून मधला घेणं, तिच्यापेक्षा शहाणा, एकटा उडालेला बिंदू तो साफ उडवतो. पण पडल्यावर बरेचदा तीन-चार बिंदू सलग बिघडतात, आणि पाचांत तीन खोटे झाले की मीडियनही त्यांचीच री ओढतो.

प्रवेगाची मर्यादा त्याहून कामाची. 31.4 वरून 44 एका सेकंदात म्हणजे साडेसहा मीटर प्रति सेकंद वर्ग. वाऱ्यावर चालणाऱ्या फळीला हे झेपणारं नाही. मी वर जाताना 4 ची मर्यादा ठेवतो आणि खाली येताना जवळजवळ मोकळं सोडतो, कारण पडणारा माणूस खरोखरच एका सेकंदात थांबतो. दोन्ही बाजूंना एकच मर्यादा लावली तर खरे बिंदू मरतात. आणखी एक मेख आहे. बिंदू गाळल्यावर पुढची तुलना शेवटच्या चांगल्या बिंदूशी होते, तेव्हा मधला वेळ हिशेबात धरा, नाहीतर एका चुकीपायी पुढची अख्खी धाव गाळली जाते.

उपग्रहांची संख्या आणि एचडीओपी (उपग्रह आकाशात किती चांगले पसरलेत याचा आकडा) या चाळण्या भरड आहेत. उपग्रह भूमितीने छान पसरलेले असले, तरी पाण्यावरून किंवा भिंतीवरून उसळून आलेला सिग्नल या चाळण्यांना ओळखू येत नाही. पाचापेक्षा कमी उपग्रह असले तर बिंदू टाका, पण तेवढ्यावर विसंबू नका.

सगळ्यांत सरस तो रिसीव्हरचा स्वतःचा त्रुटी-अंदाज. यू-ब्लॉक्स कंपनीच्या जीपीएस चिप प्रत्येक नोंदीसोबत तो मिलिमीटर प्रति सेकंदात देतात. अँड्रॉइडमध्येही आवृत्ती 8 पासून वेगाचा असा अंदाज मिळतो, पण तो लिहून ठेवणारं अ‍ॅप हवं. मोकळ्या आकाशाखाली मी अर्ध्या मीटर प्रति सेकंदाची, म्हणजे जवळपास 1 नॉटची हद्द ठेवतो. वरच्या फाइलमध्ये घड्याळाने हा अंदाज लिहिलाच नव्हता, म्हणून प्रवेगाच्या मर्यादेवर काम भागवलं आणि भाच्याचे 44 गेले, उरले साडेएकतीस. "मग तो 44 कुणाचा?" म्हणाला. पाण्याचा, म्हटलं.

गाळलेल्या जागी रेघ ओढून भरणा करू नका. सेकंदाला एकच नोंद असेल, तर दोन सेकंदांच्या ज्या दोन तुकड्यांत गाळलेला बिंदू येतो ते दोन्ही तुकडे सोडून द्या.

एक चूक कुठल्याच गाळणीने जात नाही. डॉपलर अँटेनाचा वेग सांगतो, फळीचा नव्हे. मनगटावरचं घड्याळ शीड पंप करताना हाताचा झटकाही प्रामाणिकपणे मोजतं, शिवाय वारंवार पाण्यात जातं. लॉगर दंडावर उंच किंवा हेल्मेटवर बांधा. फोन पाऊचमध्ये घालून कमरेला लावलात, तर अर्धं आकाश तुमचं अंगच अडवतं. माझ्या यादीत तो शेवटी.

घेण्याआधी तपासायचं असेल तर भोपाळपर्यंत जायची गरज नाही. पहाटे सुपर कॉरिडॉरवर मोकळ्या आभाळाखाली ठरलेल्या वेगाने गाडी चालवा (कायद्यातल्या वेगानेच, भिया), मग तेच यंत्र राजवाड्याकडून सराफ्याच्या गल्ल्यांत फिरवून आणा. गल्लीत सिग्नल भिंतींवरून उसळतात. तिथे त्रुटी-अंदाज वाढायला हवा. यंत्र तिथेही छातीठोक छोटा अंदाज देत असेल, तर त्यावर भरवसा नको.

घड्याळच घेणार असाल तर नोंद दर सेकंदाला ठेवा. गार्मिनमधलं स्मार्ट रेकॉर्डिंग बंद करा, ते जागा वाचवायला मधले बिंदू सोडतं. आणि फाइल 'फिट' (.fit) स्वरूपात काढा, 'जीपीएक्स'मध्ये (.gpx) नको. जीपीएक्स 1.1 च्या मूळ रचनेत वेगाला रकानाच नाही, त्यामुळे बरीच सॉफ्टवेअर तिथे ठिकाणांवरून वेग नव्याने काढतात आणि पैसे मोजून मिळवलेला डॉपलर जातो कचऱ्यात.