तयार कांदा-टोमॅटो ग्रेव्ही: चिरणे वाचते, परतणे नाही

संध्याकाळी सातनंतर स्वयंपाकाला लागणाऱ्या माझ्यासारखीला किराणा दुकानातील तयार कांदा-टोमॅटो ग्रेव्हीच्या पाकिटाचा मोह होणे स्वाभाविक होते. २०० ग्रॅमचे पाकीट ९० रुपयांना मिळाले आणि ते कोणत्याही भाजीला चालेल असा दावा त्यावर ठळक छापलेला होता. म्हणून तीन पाकिटे आणून छोले, अंडा करी आणि मटकीची उसळ या तीन पदार्थांत ती वापरून पाहिली.

पाकीट फोडताच नाकाला जाणवतो तो आंबूस वास. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि येथे पहिला घटक टोमॅटो आहे, कांदा दुसरा; म्हणजे नावात कांद्याला मान असला तरी पाकिटात टोमॅटोचेच राज्य आहे, आणि वर पुन्हा सायट्रिक ॲसिड घातलेले आहे. खरी उणीव मात्र कांद्याच्या रंगात दिसते. तो तांबूस नसून फिकट गुलाबी आहे आणि त्याचे कण दाताखाली येतात. कांद्यात दहातील जवळजवळ नऊ भाग पाणीच असते व ते आटेपर्यंत कढईतील कांदा केवळ शिजतो, तांबूस होत नाही; त्यात टोमॅटो लवकर पडला, तर त्याच्या आंबटपणामुळे कांदा नीट गळतही नाही. या पाकिटात नेमके हेच झाले असावे.

छोल्यांत ही ग्रेव्ही बरी लागली, पण त्यासाठी दोन चमचे तेलात ती कडेने तेल सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटे परतावी लागली. ‘ओता आणि उकळा’ ही पाकिटावरील सूचना पाळली असती, तर आले-लसणाचा कच्चट वास तसाच राहिला असता. मीठही त्यात आधीच भरपूर आहे. सवयीने वेगळे मीठ घातल्यामुळे त्या दिवशी छोल्यांत दोन उकडलेले बटाटे कुस्करावे लागले. अंडा करी चिमूटभर साखरेने सावरली. उसळ मात्र पूर्ण फसली. मटकी अर्धवट शिजलेली असतानाच मी ग्रेव्ही घातली आणि आंबटपणामुळे पुढे अर्धा तास उकळूनही ती टणकच राहिली. ही चूक माझी होती, हे मान्य. तरीही भाजलेले सुके खोबरे आणि गोडा मसाला यांच्या शेजारी तो टोमॅटो परकाच वाटला.

तुलनेसाठी पुढच्या रविवारी तेच प्रकरण घरी केले. एक किलो कांदा पातळ उभा चिरून, किंचित मीठ लावून, जाड बुडाच्या कढईत अर्ध्या वाटी तेलावर परतला. पहिली वीस मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते, मग कडा तांबूस होऊ लागतात आणि तेथून पुढे उलथने हातातून सोडता येत नाही. बुडाला धरलेला तांबूस थर पाण्याच्या शिपक्याने सोडवत चाळीस मिनिटांनी कांदा विटकरी रंगाचा झाला, तेव्हा आले-लसणाची गोळी परतून मगच अर्धा किलो टोमॅटो घातले. हळदीखेरीज कोणताही मसाला घातला नाही, कारण तिखट किंवा गरम मसाला पडला की त्या ग्रेव्हीची एकच भाजी ठरून जाते. थंड झाल्यावर मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली आणि वड्या डब्यात भरल्या. पाऊण किलोच्या आसपास माल निघाला. एका भाजीला तीन-चार वड्या पुरतात. मटकीला मी दोनच वड्या घातल्या, त्याही ती पूर्ण शिजल्यावर, आणि सोबत खोबऱ्याचे वाटण.

पाहुणे अचानक आले, तर छोल्यांसाठी एखादे पाकीट फडताळात असावे, एवढ्यापुरते मी ते पुन्हा घेईन. कंपनीने त्यातील मीठ निम्मे केले, तर दोन घेईन.