क्रोमच्या रिंगा, ९ महिने आणि ७,८०० किमी: मारुती ८००च्या इंजिनकामानंतर

गाडी १९९७ची, कार्ब्युरेटरवाली, वडिलांपासून घरात असलेली. दोन वर्षांत तिच्या इंजिनात दोनदा नव्या पिस्टन रिंगा घातल्या (पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधली फट बंद ठेवणाऱ्या). दोन्ही वेळा वरची रिंग क्रोमचा थर असलेलीच, रिंगांची पेटीही त्याच कंपनीची. पहिल्यांदा ३,००० किमी झाले तरी ऑइल जळल्याचा निळा धूर थांबला नाही. दुसऱ्यांदा साधारण ८०० किमीला ऑइल खाणं थांबलं. त्यामुळे ‘क्रोमच्या रिंगा लवकर बसत नाहीत, साध्या घ्या’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) होनिंग केलं होतं का, म्हणजे दगडानं बारीक तिरपे चरे पाडले होते का?

पहिलं काम एका गॅरेजात झालं. बोअर मोजलं नाही, घासलं नाही, जुन्याच पिस्टनवर नव्या रिंगा चढवल्या. “आरशासारखं बोअर आहे, कशाला हात लावायचा?” नेमका तो आरसाच नडला. भिंतीवर बारीक चरे असले तरच तिथं ऑइल थांबतं आणि रिंगेचं तोंड घासून भिंतीशी जुळतं, म्हणजेच रिंग बसते. गुळगुळीत भिंतीवर क्रोम नुसतं घसरत राहतं. ६०० किमीला लिटरभर ऑइल जायचं. तिन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) भरलं ७, साडेपाच आणि साडेसात किलो. मधल्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर साडेपाचाचे साडेआठ झाले. ऑइलनं रिंगांभोवतीची फट तेवढ्यापुरती बुजली, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून नव्हती, रिंगांमधून होती.

मग कोल्हापूरला उद्यमनगरात ब्लॉक नेला. मूळ बोअर ६८.५ मिमी, ते ०.५० मिमी मोठं (ओव्हरसाइझ) करून त्या मापाचे नवे पिस्टन घातले. रिंगा निवडताना पुन्हा तोच घोळ. साधी बिडाची रिंग पटकन बसते, पण झिजतेही पटकन. मॉलीच्या (मॉलिब्डेनमच्या) रिंगेवरचा थर सच्छिद्र असतो, ऑइल धरतो, उष्णता सोसतो. तिला होनिंग मात्र जास्त बारीक लागतं आणि इंजिन नॉक करत असेल (आत ठोकल्यासारखा आवाज येत असेल) तर थराचे टवके उडू शकतात. माझी गाडी उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या मागून धुरळा खात चालते. धुळीपुढं क्रोमच टिकतं, म्हणून तेच घेतलं. दुसरी रिंग बिडाची, खाली तीन तुकड्यांची ऑइल रिंग.

होनिंग झाल्यावर तिरप्या जाळीवरून नख फिरवलं तर हलकंसं अडकत होतं. यानंतरचं काम कंटाळवाणं, पण तिथंच मी हटून बसलो. पेट्रोलनं पुसलं की वरची घाण जाते, चऱ्यांत रुतलेली होनिंगच्या दगडाची पूड जात नाही. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश घेऊन बोअर तीनदा धुतलं. मग वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा ऑइलमध्ये बुडवून आत फिरवत राहिलो. पाचव्या तुकड्यावर करडा डाग उठला नाही, तेव्हा थांबलो. वरची रिंग उलट्या पिस्टननं बोअरमध्ये सरळ ढकलून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर रिंगेच्या दोन टोकांमधला गॅप ०.२५ मिमी. रिंगांच्या गॅपची तोंडं एकावर एक येऊ दिली नाहीत.

गाडी सुरू झाल्यावर मिस्त्री म्हणाले, “साहेब, चार तास आयडलला सोडा, रिंगा बसत्यात आपोआप.” माणूस अनुभवी, पण हे मी ऐकलं नाही. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्या मागं शिरणाऱ्या गॅसच्या दाबानं, आणि आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, तो दाब जेमतेमच असतो. गळती नाही, ऑइल प्रेशर आहे, टेंपरेचर ठीक, एवढं बघून थेट जोतिबाच्या रस्त्याला लागलो. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढं दाबायचा, पण इंजिन कण्हेल इतकं नाही. उताराला पाय काढून गाडी गिअरमध्येच सोडायची. अशा सात-आठ फेऱ्या झाल्या. पहिले ५०० किमी एका वेगात लांबवर चालवणं टाळलं. ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-४०. सिंथेटिक अजूनही घातलेलं नाही. ५० किमीला पहिलं ऑइल काढलं तेव्हा झिजलेल्या धातूच्या कणांनी उन्हात ते चंदेरी चमकत होतं. ५००ला जरा कमी. १,०००ला चमक दिसलीच नाही.

आज कॉम्प्रेशन १२, पावणेबारा, १२. आंबा घाट चार माणसं घेऊन चढते, मागच्या काचेत धूर दिसत नाही. हजार किमीला डिपस्टिकवर जेमतेम फरक पडतो.

एक चूक माझी. हेड उघडलेलं असताना व्हॉल्व्हचे सील (वरचं ऑइल सिलिंडरात उतरू न देणारे) बदलले नाहीत, पहिल्या कामात घातलेत म्हणून तसेच ठेवले. आता गाडी रात्रभर उभी राहिली की तिथून ऑइल झिरपतं, सकाळी स्टार्टला निळा फुसका येतो आणि लगेच जातो. शेजारचे काका रोज विचारतात, “परत रिंगा का?” नवे सील आणून डिकीत ठेवलेत, मिस्त्रींना एखादा रविवार मोकळा मिळायची वाट बघतोय.