वाचनालयाची जागा: मालकीची, भाड्याची की सामायिक?

पुण्यातील आमच्या पेठेच्या वाचनालयाने तिन्ही प्रकारच्या जागा अनुभवल्या आहेत आणि त्या सर्व काळात मी कार्यकारी मंडळावर होतो. प्रत्येक संस्थेची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे माझे मत अंतिम मानू नये.

भाड्याच्या जागेचा मोठा गुण असा, की सुरुवातीला केवळ अनामत अडकते आणि उरलेला पैसा पुस्तकांकडे वळवता येतो. मात्र करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. सहा वर्षांत आम्हांला दोनदा जागा सोडावी लागली. दुसऱ्या वेळी स्वयंसेवकांनी दाखल क्रमांकांच्या चिठ्ठ्या लावून गठ्ठे नीट बांधले होते, पण टेम्पोतून उतरवताना ते हाताला येतील तसे रचले गेले. चरित्रे कादंबऱ्यांत मिसळली, आणि सुमारे दहा हजार पुस्तके पुन्हा क्रमाने लावण्यात सात आठवडे गेले. त्याहून वाईट हे, की रोज पायी येणाऱ्या काही वृद्ध वाचकांना नव्या जागेसाठी लक्ष्मी रस्ता ओलांडावा लागत होता आणि त्यांनी वर्गणी भरणेच थांबवले. भाडेवाढ आम्ही सोसली असती, हे मात्र सोसवेना.

सामायिक जागा म्हणजे आमच्या बाबतीत शाळेचा एक वर्ग, तोही संध्याकाळपुरता. खर्च जवळजवळ नव्हता आणि मुले आपणहून येत. परंतु पुस्तके कुलूपबंद कपाटांत ठेवावी लागत, त्यामुळे काय वाचावे हे ठरवून न आलेला वाचक रिकाम्या हाताने परतत असे. निवडणुकीत तेथे मतदान केंद्र आले की वाचनालय बंद. बालविभागासाठी किंवा नव्या शाखेसाठी ही सोय मला आजही उत्तम वाटते.

शेवटी आम्ही दोन लहान खोल्या विकत घेतल्या. त्यामुळे दोन वर्षे नव्या पुस्तकांची खरेदी निम्म्यावर आली, हे मान्य केले पाहिजे. राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे इमारतीच्या साहाय्यासाठी अर्ज जरूर करावा, पण त्या भरवशावर सौदा करू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे विश्वस्त संस्थेची वास्तू विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. काहींना ही अडचण वाटते. मला मात्र उद्याच्या एखाद्या घाईच्या ठरावापासून मिळालेले ते संरक्षण वाटते.

जागा निवडताना पुस्तकांचे वजन आणि वृद्धांचे गुडघे पाहता तळमजला बरा. मात्र 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटल्यावर पाणी नदीकाठच्या पेठांत कुठवर चढले होते, हे आसपासच्या जुन्या रहिवाशांना आधी विचारून घ्यावे. खरेदी आवाक्याबाहेर असेल, तर निदान पाच वर्षांचा नोंदणीकृत करार मागावा आणि त्यासाठी थोडे अधिक भाडे द्यावे लागले तरी मागे हटू नये.