वही, एकांत की एलुल? यहुदी आत्मपरीक्षणाची कोणती रीत कोणाला

मनाचा हिशेब मांडायच्या रीती यहुदी परंपरेत बऱ्याच आहेत. सगळ्या एकदम धरल्या तर एकही तडीस जात नाही. निवडण्याआधी एवढंच ठरवा: दोष ठाऊक आहे पण सुटत नाही, नेमकं काय चुकतंय तेच उमगत नाही, की कोणाशी तरी बिनसलेलं आहे?

दोष ठाऊक असेल तर वही. ही मुसार, म्हणजे शील घडवण्याच्या यहुदी परंपरेची रीत. मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी 19व्या शतकाच्या आरंभी ती मांडली, तीही अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनच्या गुणांच्या तक्त्यावरून. पुढे मुसार चळवळीचे प्रवर्तक इस्रायल सलांतर यांच्या प्रभावाने ती लिथुआनियात रुजली. पानावर 13 आडव्या ओळी गुणांच्या: शांतचित्तता, धीर, नीटनेटकेपणा, नम्रता, काटकसर, मौन, सत्य वगैरे. उभे 7 रकाने वारांचे. आठवड्याला एकच गुण मुख्य धरायचा, रोज रात्री जिथे घसरलात तिथे टिंब द्यायचं. 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, लिहायचं नसतं, म्हणून शनिवारची टिंबं रात्री, शब्बाथ सरल्यावर.

फसतं कुठे? टिंबं मोजण्याचाच छंद लागतो. शिवाय ‘नम्रता’ एवढंच लिहिलं तर रात्री काय तपासायचं हेच कळत नाही. ‘दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडलं का’ असं लिहा. मुसार परंपरेतल्याच नोवार्दोकच्या शाळेने तर वहीवर न थांबता कसरतीच लावल्या: औषधाच्या दुकानात जाऊन खिळे मागायचे, लोक हसले तर हसू द्यायचे, म्हणजे लाज आणि अहंकार मोडतो. आजच्या माणसाने तिथून सुरुवात करू नये.

काय चुकतंय तेच कळत नसेल, तर ब्रेस्लोवच्या रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाखमन (1772–1810) यांचा एकांत, हितबोदेदुत. रोज तासभर, खोलीत किंवा शेतात, शक्यतो रात्री, आपल्या रोजच्या बोलीत देवाशी मोठ्याने बोलायचं. त्यांच्या माणसांची बोली यिडिश. तुमची मराठी असेल तर मराठीत. शब्द सुचत नसतील तर ‘रिबोनो शेल ओलाम’, विश्वाच्या स्वामी, एवढंच घोळवत राहायचं, तेही चालतं. वही मुळात दोषांची यादी हातात आहे असं धरून चालते; इथे ती यादी बोलता बोलता सापडते. पण तास पहिल्या दिवशी झेपत नाही, 10 मिनिटांपासून चढा. नुसतं मनात बोललात तर मन भरकटतं. आणि दुसऱ्यांच्या तक्रारींतच वेळ जात असेल, तर शेवटची काही मिनिटं फक्त ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यांसाठी राखा.

पेसाख या वसंतातल्या सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून 49 रात्रींची ओमेरची मोजणी हा तिसरा पर्याय. दर आठवड्याला एक गुण, दर दिवशी दोन गुणांची जोडी. मुदत ठरलेली असल्याने नवख्याला बरी, पण जोड्या इतक्या अमूर्त की बऱ्याचदा नुसतं वाचन होतं. एक रात्र आणि पुढचा दिवसही चुकला तर मोजणी चालू ठेवायची, फक्त आशीर्वाद म्हणायचा नाही.

बिनसलेलं असेल तर मात्र एलुलला पर्याय नाही. यहुदी पंचांगातला एलुल महिना आणि त्यापुढच्या तिश्रीचे पहिले 10 दिवस, योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत. सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या) यहुद्यांच्या रीतीने जवळजवळ या सगळ्या काळात पहाटे सेलिखोत, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना. अश्केनाझींमध्ये (मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांत) त्या रोश हशना, म्हणजे नववर्षाच्या थोड्या आधी सुरू होतात. मिश्ना या प्राचीन धर्मनियमसंग्रहाचा नियम स्पष्ट आहे: दुसऱ्या माणसाचं केलेलं वाईट, त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय योम किप्पुरनेही फिटत नाही. मध्ययुगीन धर्मशास्त्रकार मैमोनिदेसने पायऱ्या दिल्यात. दोष सोडा, पुन्हा न करण्याचं ठरवा, पस्तावा करा, तोंडाने कबूल करा. पैसे घेतले असतील तर आधी ते परत. दुखावलेल्या माणसाने क्षमा नाकारली तर तीन माणसं घेऊन जायचं, असं तीन वेळा; त्यावरही नाही म्हणाला तर दोष त्याचा. तो वारला असेल तर 10 जणांना घेऊन कबरीपाशी कबुली, देणं वारसांना.

कोकणातले बेने इस्राएल यहुदी योम किप्पुरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. दारं लावून, उपवासात, बाहेरच्यांशी संबंध न ठेवता दिवस काढायचा. म्हणजे माणसांकडे जाणं त्याआधीच उरकायला हवं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना धाडलेला ‘चुकभूल माफ करा’ हा व्हॉट्सअॅप संदेश त्यात धरू नका. कशाची माफी, हे त्यात नसतं.

एक पेच उरतो: तुम्ही कोणाच्या पाठीमागे वाईट बोललात आणि त्याला पत्ताच नाही. निंदेविषयीच्या नियमांवर लिहिणारे रब्बी खाफेत्स खाइम यांच्या मते त्याची क्षमा मागायलाच हवी. सलांतरांचं म्हणणं उलट सांगितलं जातं: सांगून नवं दुःख द्यायचं असेल तर गप्प बसा. आमचा कौल सलांतरांकडे. मात्र ज्यांच्यापाशी बोललात, त्यांच्याकडे जाऊन बोलणं मागे घ्यायचं काम त्याने टळत नाही.