एमआरआय बेसमेंटला की ग्राउंड फ्लोअरला?

नवीन हॉस्पिटल बांधताना मशीन कुठल्या कंपनीचं यावर महिनोन्महिने खल होतो आणि जागा मात्र आर्किटेक्टने उरलेल्या कोपऱ्यात दाखवलेली असते. लहान शहरात बहुतेक वेळा चॉइस दोनच, बेसमेंट नाहीतर ग्राउंड फ्लोअर.

बेसमेंटचा मोह का होतो ते कळतं, वरची मोक्याची जागा ओपीडीला सुटते, आणि 1.5 टेस्ला ताकदीचं मॅग्नेट (मशीनमधलं मोठं चुंबक) चार-पाच टनांचं असलं तरी खाली जमीनच असल्यामुळे वजनाचं टेन्शन नाही. पण शेजारी पार्किंग असेल तर गाड्यांचं लोखंड ये-जा करताना चुंबकीय फील्ड डिस्टर्ब होऊन इमेज बिघडू शकते. क्वेंच पाइप, म्हणजे मॅग्नेट थंड ठेवणारा हेलियम अचानक उकळला तर तो गॅस बाहेर सोडणारा पाइप, तो खालून पार उघड्यावर न्यायचा, लांबी वाढली की जाडीही वाढवावी लागते, खर्च वाढतो. आणि पाणी! 2019 चं सांगली-कोल्हापूर, 2021 चं चिपळूण आठवा. पंप लावू म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की लाइट गेल्यावर पंप कशावर चालणार, जनरेटरही खालीच ठेवलाय ना?

ग्राउंड फ्लोअरला जागा महाग पडते हे खरं, पण मशीन आत घ्यायला आणि आठ-दहा वर्षांनी बदलायला बाहेरची एक भिंत फोडली की काम होतं. माझं मत विचाराल तर जोतं उंच घेऊन मागच्या बाजूला ग्राउंड फ्लोअरच, लिफ्ट आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब.

सीटी मात्र एमआरआयला चिकटून हवं असा हट्ट नको. अॅक्सिडेंट, स्ट्रोकचे पेशंट आधी सीटीला जातात त्यामुळे ते कॅज्युअल्टीला लागून, एमआरआय थोडं आत चालतं, उलट रहदारी कमी तेवढं बरं कारण मॅग्नेट रात्री-बेरात्री कायम चालूच असतं. 2018 ला मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर एमआरआय रूममध्ये नेला, मॅग्नेटने तो खेचला आणि माणूस दगावलाय. सीटीच्या रूमचा लेआउट एईआरबीकडून (अणुऊर्जा नियामक मंडळ) आधी मंजूर करून घ्यावा लागतो, एमआरआयला रेडिएशन नाही म्हणून तो प्रश्न येत नाही, तिथे तांब्याचा आरएफ केज, म्हणजे बाहेरच्या रेडिओ लहरी अडवणारा पिंजरा लागतो.

तरी बेसमेंटच ठरत असेल तर व्हेंडरकडून पाच गॉस लाइनचं, म्हणजे ज्याच्या आत पेसमेकरवाल्याने येऊ नये त्या चुंबकीय हद्दीचं ड्रॉइंग मागा, नुसता प्लॅन नको, सेक्शनही (उभा छेद) मागा, कारण ती लाइन मॅग्नेटच्या मध्यापासून वरही साधारण अडीच मीटर जाते, म्हणजे छत बुटकं असेल तर स्लॅब ओलांडून वरच्या वेटिंगमध्ये, आणि तिथे पेसमेकरवाले आजोबा बसलेले असू शकतात.