इंग्रजी शब्द शिकायला मराठी अर्थाचा कोश घ्यावा की सोप्या इंग्रजीतला?

मराठी माध्यमातून बारावी करून कॉलेजात आलेली मुलं आणि नोकरीत रोज इंग्रजी मेल लिहावे लागणारी मंडळी हमखास विचारतात, डिक्शनरी इंग्रजी-मराठी घ्यावी की इंग्रजी-इंग्रजी? माझं मत आधीच सांगतो. वस्तूंच्या नावांना मराठी अर्थच बरा. क्रियापदांना मात्र सोप्या इंग्रजीतली व्याख्या आणि तिच्याखालची वाक्यं हवीत. मराठी अर्थावर क्रियापद शिकलं की ते समजतं, पण वापरता येत नाही.

वस्तूंचं आधी उरकतो. पाकिटावर ‘फ्लॅक्ससीड’ लिहिलंय. मराठी कोश म्हणतो ‘जवस’, विषय संपला. इंग्रजी कोश झाडाचं आणि तेलाचं वर्णन करतो, आणि आपण तीळ की जवस या घोळात राहतो. किराणा, भाज्या, आजार, शरीराचे अवयव, सगळीकडे हेच. इथे इंग्रजीतच अर्थ पाहण्याचा हट्ट म्हणजे वेळ घालवणं.

आता ‘डिस्कस’ घ्या. मराठी कोशात ‘चर्चा करणे’. अर्थ अगदी बरोबर. पण आपण रजेविषयी चर्चा करतो, म्हणून लगेच वाक्य होतं, ‘वुई डिस्कस्ड अबाउट द लीव्ह’. तो ‘अबाउट’ मराठीतल्या ‘विषयी’ने आत आणला. लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सोप्या इंग्रजीत केलेल्या कोशात, उदाहरणं वाचा: ‘डिस्कस’ला लागूनच विषय येतो, मग ‘विथ’ आणि माणूस. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्समध्ये तर ‘डिस्कस अबाउट’ म्हणता येत नाही अशी सरळ टीपच आहे. ‘एक्स्प्लेन’चंही तसंच. ‘मला समजावून सांगा’वरून ‘एक्स्प्लेन मी’ येतं. उदाहरणांत कायम ‘एक्स्प्लेन इट टू मी’ दिसतं. अशी दोन-तीन वाक्यं मोठ्याने वाचली की शब्दाची जागा कानात बसते. मराठी अर्थाच्या एका ओळीत ही सोय नाही.

हे कोश मुळात इंग्रजांसाठी नव्हेतच. ऑक्सफर्डच्या या कोशाचं मूळ ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना तयार केलं, ते १९४२ मध्ये टोकियोत छापलं गेलं. त्याआधी ढाक्यात काम केलेल्या मायकल वेस्ट यांनी १९३५ च्या कोशात सगळे अर्थ ठरावीक १,४९० सोपेच शब्द वापरून सांगितले होते. १९७८ च्या लाँगमनच्या कोशाने अशा शब्दांचा आकडा सुमारे २,००० धरला. परकी भाषा शिकणारा कुठे अडखळतो हे वर्गात पाहिलेल्या माणसांनी रचलेली ही पद्धत आहे, म्हणून माझा तिच्यावर भरवसा आहे.

पण त्या २,००० शब्दांतच खरी अट दडलेली आहे. तेवढे शब्द जवळ नसतील, तर एका अर्थासाठी दुसरा शब्द, त्याच्यासाठी तिसरा, असं पान उलटत बसाल आणि आठवड्यात कोश कपाटात जाईल. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्यांना ही अडचण जास्त येते, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. दुकानात किंवा मोबाइलवर पारख करा: ‘बॉरो’, ‘अव्हॉइड’, ‘रिप्लेस’ यांचे अर्थ वाचा. प्रत्येक व्याख्येत एखादाच शब्द अडला तर खुशाल लर्नर्स घ्या. दोन-तीन अडले तर सध्या इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश बरा. ऑक्सफर्डचा तसा कोश मिळतो. त्यात इंग्रजी व्याख्या आधी वाचायची, मराठी नंतर. उलट केलंत तर तो साध्या इंग्रजी-मराठी कोशासारखाच वापरला जाईल.

लर्नर्समध्ये निवड करायची तर व्याकरणाच्या टिपांसाठी ऑक्सफर्ड, सर्वांत सोप्या भाषेसाठी लाँगमन. कॉलिन्स कोबिल्डची तऱ्हा वेगळी: १९८७ पासून तो अर्थच पूर्ण वाक्यात सांगतो, त्यामुळे व्याख्येतच शब्दाचा वापर दिसतो. बोलायला कचरणाऱ्यांना मी तोच सुचवेन. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठीचा जाडजूड कोश मात्र घेऊ नका, त्यातला अर्थ मूळ शब्दाहून अवघड असतो.

पैसे घालायचे नसतील तर ऑक्सफर्ड लर्नर्स, केंब्रिज आणि लाँगमन तिन्ही इंटरनेटवर फुकट आहेत, उच्चारही ऐकता येतो. शाळकरी मुलाला मात्र छापील प्रत द्या. मोबाइल हातात आला की शब्द राहतो बाजूला. आणि वहीत अर्थ उतरवण्याऐवजी कोशातलं वाक्य उतरवा, मग त्याच घडणीचं स्वतःच्या ऑफिसचं किंवा घरचं एक वाक्य त्याखाली लिहा.