जड कयाक एकट्याने टपावर चढवताना : थुले हलव्हेटर प्रो रॅकचे परीक्षण

थुले या स्वीडिश कंपनीचा हलव्हेटर प्रो हा रॅक एकाच कामासाठी विकत घेतला जातो, आणि ते काम म्हणजे दुसरा माणूस हाताशी नसताना जड कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी, गाडीच्या टपावर चढवणे व पुन्हा खाली घेणे. हे काम तो चांगले करतो. मात्र कयाक जितकी जड तितका हा रॅक अधिक उपयोगी, असा जो समज त्याच्या जाहिरातीतून सहज होतो, तो बरोबर नाही. एका वजनापर्यंत तो एकट्या माणसाचा भार खरोखर हलका करतो, आणि ते वजन कंपनीने दिलेल्या कमाल मर्यादेच्या बरेच अलीकडे येते, असे माझे मत झाले आहे.

रचना समजायला सोपी आहे. टपावर आडव्या बसवलेल्या पुढच्या आणि मागच्या दांड्यांवर, म्हणजे क्रॉसबारवर, एकेक भाग बसतो, प्रत्येक भागाला सांध्यावर फिरणारा एक हात असतो आणि त्या हाताच्या टोकाला कयाक आडवी टेकेल अशी गादी लावलेली खोबण असते. मुठी दाबून हात बाहेर ओढले की ते टपाच्या कडेवरून फिरत गाडीच्या बाजूला, साधारण कमरेच्या उंचीपर्यंत खाली येतात. त्या उंचीवर कयाक खोबणीत ठेवायची, पट्टे आवळायचे आणि दोन्ही मुठी एकाच वेळी धरून तिला वर ढकलायचे. वर ढकलताना गॅस स्ट्रट जोर लावतात. डिकीचे झाकण उघडताना जी नळी ते वर रेटते, तिचाच हा मोठा भाऊ. कंपनीच्या आकड्यांनुसार हे स्ट्रट १८ किलोपर्यंतचा भार स्वतःवर घेतात, कयाकचे कमाल वजन ३४ किलो आणि कमाल रुंदी सुमारे ९१ सेंटिमीटर चालते.

या आकड्यांचा अर्थ लावायचा, तर माणसाने एकट्याने किती उचलावे याचा काही मापदंड हवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेले वजन उचलण्याचे समीकरण त्यासाठी उपयोगी पडते. त्या समीकरणात सर्वांत अनुकूल परिस्थितीत, म्हणजे ओझे शरीरापासून २५ सेंटिमीटरच्या आत आणि जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर असताना, २३ किलो ही मर्यादा धरली आहे. ओझे शरीरापासून जसे दूर जाईल आणि या उंचीपासून जसे वर किंवा खाली सरकेल, तशी ही मर्यादा घटत जाते. कयाकची रुंदीच अशी असते की ती अंगाजवळ घेताच येत नाही. तिचा मध्य पोटापासून ४५ सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर २३ किलोचे जेमतेम १३ किलो उरतात. तीच कयाक दीड मीटर उंचीवर धरायची म्हटली, तर १० किलोच्याही किंचित खाली यावे लागते. समीकरणातले बाकीचे घटक, जसे की अंग वळवणे, पकड कशी आहे आणि काम किती वेळा करायचे आहे, हे यात अजून धरलेलेच नाहीत. खांद्याच्या वर कयाक उचलून टपावर लोटणे दिसते त्यापेक्षा कितीतरी वाईट काम का आहे, ते या हिशेबातून कळते. त्याचबरोबर हलव्हेटर कयाक ज्या उंचीला आणून देतो, ती कमरेची उंचीच या समीकरणात सर्वांत सोयीची ठरते, हेही दिसते.

आता वर ढकलण्याचा हिशेब करू. ३४ किलोच्या कयाकमधून स्ट्रटचे १८ किलो वजा केले, तर १६ किलो हातावर उरतात, आणि खांद्याच्या उंचीजवळ हे ओझे आधी काढलेल्या १० किलोच्या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होते. रॅक ते पेलतो. प्रश्न ढकलणाऱ्या माणसाचा आहे. २७ किंवा २८ किलोची कयाक असेल, तर मात्र ९ ते १० किलो उरतात, आणि तेवढे मध्यम ताकदीच्या माणसाला दिवसभर वल्ही मारून थकल्यावरही जमते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण हात मुठींवर असतात आणि कयाकचे वजन सांध्यावरही टेकलेले असते, पण हाताला येणारा अनुभव त्याच्याशी जुळतो. साच्यात फिरवून घडवलेल्या पॉलिथिलीनच्या एकआसनी सागरी कयाक साधारण २५ ते ३० किलोच्या असतात, आणि हा रॅक जणू त्यांच्यासाठीच बेतलेला आहे. फायबरग्लासच्या २० ते २५ किलोच्या कयाकला तो इतका हलका जातो की काहींना त्यावर खर्च करणे उधळपट्टी वाटेल. माझ्या मते खांदा किंवा पाठ दुखावलेल्या माणसासाठी ती उधळपट्टी नाही.

जमिनीपासून कमरेपर्यंतचा टप्पा मात्र या रॅकच्या हातात नाही, आणि खरेदीच्या वेळी हीच गोष्ट बहुधा लक्षात येत नाही. स्ट्रटची मदत खोबणीत कयाक ठेवल्यानंतर सुरू होते. त्याआधीचे पूर्ण वजन तुमचेच. म्हणून दोन चाकांची छोटी ट्रॉली मी रॅकइतकीच आवश्यक मानतो. ट्रॉलीवरून कयाक गाडीला समांतर आणून उभी करावी, आसन, वल्ही, सामानाच्या पिशव्या आणि आत साचलेले पाणी आधीच बाहेर काढावे, मग पुढचा भाग पुढच्या खोबणीत टेकवून मागचा भाग उचलावा. एका वेळी एकच टोक उचलले की निम्म्याच्या आसपास वजन हातात येते. पाण्याविषयी वेगळे सांगण्याचे कारण असे की लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, आणि तळाशी राहिलेले पाच-सहा लिटर पाणी स्ट्रटच्या मदतीचा तिसरा हिस्सा गिळून टाकते.

जागेचा विचारही घरून निघतानाच करावा. रॅकचे हात खाली असताना कयाक गाडीच्या बाजूला जवळजवळ मीटरभर जागा घेते आणि त्या बाजूची दारे उघडत नाहीत, त्यामुळे शेजारी दुसरी गाडी लागली की ती हलेपर्यंत थांबण्याखेरीज उपाय नसतो. रॅक शक्यतो रहदारीच्या विरुद्ध बाजूला बसवावा, नाहीतर रस्त्याकडेला उभे राहून दोन्ही हात गुंतलेल्या अवस्थेत वाहनांकडे पाठ करावी लागते. शिवाय रॅकच्या हातांची लांबी ठरलेली आहे; मध्यम उंचीच्या गाडीवर ते कमरेशी येतात, तर उंच व्हॅनवर छातीशीच थांबतात, आणि मग या रॅकचा मुख्य फायदाच बराचसा गळून पडतो. गाडी उंच असेल, तर टपाची उंची मोजल्याशिवाय खरेदी करू नये.

क्रॉसबारवर येणारा ताण साध्या जे-आकाराच्या रॅकपेक्षा वेगळा असतो. कयाक बाजूला लोंबत असताना बार खाली दाबला जातो आणि पिळलाही जातो, म्हणून बारचे पाय टपाला घट्ट धरलेले असायलाच हवेत. टपावर चालत्या गाडीत किती वजन चालते हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि त्या आकड्यात क्रॉसबार, रॅक व कयाक या तिन्हींचे वजन मोजायचे असते. हलव्हेटर साध्या रॅकच्या कित्येक पट जड आहे. दोन कयाकसाठी दोन बाजूंना दोन रॅक लावण्याचा विचार असेल, तर बहुतेक लहान गाड्या या बेरजेतच बाद होतात.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात. कॅम बकलचे, म्हणजे दातेरी चापात अडकणारे, पट्टे हाताने ओढून घट्ट होतील तेवढेच आवळावेत. दांडा हलवून आवळायचे रॅचेटचे पट्टे वापरू नयेत, कारण उन्हात मऊ पडलेले पॉलिथिलीन त्याखाली दबते आणि तळाला खोलगट खळी पडते. पट्ट्याला एखादा पीळ दिला की वाऱ्यात होणारी त्याची घरघर थांबते. पुढच्या आणि मागच्या टोकाच्या दोऱ्या रॅकसोबत मिळतात, आणि प्रवास जवळचा असला तरी त्या बांधाव्यात.

स्वस्त पर्यायांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक ठरणार नाही. मागच्या काचेवर रबरी चकत्यांनी चिकटणारा रोलर, किंवा क्रॉसबारमधून बाजूला बाहेर येणारा जादा दांडा, या दोन्हींत युक्ती एकच आहे : आधी कयाकचे पुढचे टोक टेकवायचे आणि मग मागचे टोक उचलून तिला वर सरकवायचे किंवा फिरवायचे. या पद्धतीत पूर्ण वजन कधीच हातावर येत नाही, खर्च फार कमी असतो, आणि ३० किलोच्या पुढच्या कयाकसाठी ती मला हलव्हेटरपेक्षा अधिक पटते. तिच्या अडचणी वेगळ्या आहेत. मागच्या काचेवर स्पॉयलर असेल तर रोलर नीट बसत नाही, ओल्या किंवा धुळकट काचेवर चकत्या सुटतात, आणि वाऱ्याच्या दिवशी अर्धी चढलेली कयाक एका टोकावर गरागरा फिरू पाहते. वाऱ्यातच हलव्हेटरचे मोल सर्वाधिक जाणवते, कारण वर जाण्याआधीच कयाक पट्ट्यांनी बांधलेली असते. मासेमारीच्या, पायाने पेडल मारून चालणाऱ्या आणि ५० किलोच्या पुढे जाणाऱ्या कयाक या रॅकच्या मर्यादेबाहेर आहेत. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज, त्यांनाच तो घेता येत नाही, हा त्यातला विरोधाभास आहे. त्यांच्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीचा छोटा ट्रेलर हाच शहाणा मार्ग.

वापरातल्या दोन बारकाव्यांची नोंद करायला हवी. रॅकचे रिकामे हात खाली आणताना त्यांच्यावर कयाकचे वजन नसते, त्यामुळे स्ट्रटच्या जोराविरुद्ध ते दाबून न्यावे लागतात, आणि अडकण बसल्याची खात्री होईपर्यंत मुठीवरची पकड सोडू नये. सुटलेला हात वेगाने वर जातो आणि वाटेत तोंड असेल तर त्याचीही गय करत नाही. दुसरे असे की स्ट्रटमध्ये दाबाखाली वायू भरलेला असतो आणि त्याचा दाब तापमानाबरोबर बदलतो. ३० अंश सेल्सियसला मिळणारा जोर शून्य अंशाला सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे थंड पहाटे १८ किलोच्या जागी १६ किलोचीच मदत धरावी. खाऱ्या पाण्यावरून परतल्यावर स्ट्रटचे चकचकीत दांडे गोड्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसावेत. त्यांच्यावर वाळूचा ओरखडा पडला की आतले सील हळूहळू झिजते आणि वायू गळू लागतो.